कमी कसाच्या खनिजातलं सोनं : ढीग लावून पाझर, की टाकीत घोळ? (कोलारच्या ढिगाऱ्यांच्या निमित्तानं)

मुरुम

कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. शंभरहून जास्त वर्षं दळलेला आणि सायनाइडच्या पाण्यातून काढून टाकलेला चुरा तिथं १३ ढिगाऱ्यांत पडून आहे. सुमारे ३.३ कोटी टन, सरासरी कस टनाला ०.७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कागदावर २३ टन सोनं. हे ढिगारे पुन्हा उपसायला कर्नाटक मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये संमती दिली. उन्हाळ्यात त्यांची राखाडी धूळ आसपासच्या वस्तीवर उडते, त्यामुळे प्रश्न नुसता सोन्याचा नाही.

माझं मत असं की इतक्या कमी कसाला हीप लीचच परवडेल. म्हणजे प्लास्टिकच्या अस्तरावर ढीग लावायचा, वरून सायनाइडचं पातळ पाणी ठिबकवायचं आणि खाली झिरपून आलेलं सोन्याचं पाणी गोळा करायचं. चुरा टाकीत सायनाइडच्या पाण्यात घोळवायचा तर टाकी, ढवळणी, पंप, वीज असा पसारा ०.७ ग्रॅमवर कसा निघेल? कमी कस म्हटलं की जगभर हीपच लावतात ना?

जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

कसोटी

चुरा पिठासारखा आहे. त्यातून पाणी खाली उतरणारच नाही. इथं हीप विसरा.

रसायनी

कसोटी यांचं बरोबर आहे, पण कारणं नीट समजून घ्यायची तर आधी रसायन पाहू.

सोनं सायनाइडमध्ये विरघळायला तीन गोष्टी लागतात : सायनाइड, पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि अल्कधर्मी पाणी. एल्सनरचं समीकरण असं : सोन्याचे ४ अणू, सोडियम सायनाइडचे ८ रेणू, प्राणवायूचा १ रेणू. वजनात मांडलं तर १ ग्रॅम सोन्याला अर्धा ग्रॅम सोडियम सायनाइड पुरतं. टनाला ०.७ ग्रॅम कस धरला तर टनामागे ०.३५ ग्रॅम. प्रत्यक्षात मात्र टनामागे २०० ते ५०० ग्रॅम खर्ची पडतं आणि वाईट खनिजात किलोच्या वर जातं. सायनाइड सोन्यावर संपत नाही. ते तांबं, लोह आणि गंधक खातात, आणि थोडं हवेत उडून जातं.

म्हणून नुसत्या कसावरून पद्धत ठरवता येत नाही. तीन प्रश्न विचारायचे. सोनं कणाच्या आत कोंडलंय की पाणी पोचेल अशा जागी आहे? सोबत सायनाइड खाणारं काय आहे? आणि पाणी त्या ढिगातून सरळ खाली उतरतं का?

शिकाऊ_७

अल्कधर्मी कशासाठी? चुन्याचा खर्च वाचवता नाही का येणार?

रसायनी

नाही. तिथं एक किलोही वाचवायचा नाही. पीएच ९.२ च्या आसपास असताना पाण्यातलं अर्धं सायनाइड हायड्रोजन सायनाइड बनतं. त्याचा उत्कलनबिंदू जेमतेम २६ अंश, म्हणजे ते पाण्यात थांबतच नाही. पीएच १०.५ ला हा वाटा ५ टक्क्यांवर येतो, ११ ला २ टक्क्यांच्या खाली. म्हणून आधी चुना, पीएच स्थिर झाला की मगच सायनाइड. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. चुना कमी पडला तर सायनाइड वाया जातं हे झालंच, पण मुख्य म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं.

पाझर

मुरुम, हीपची बाजू मी मांडतो, कारण योग्य खनिजाला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. १९७० च्या दशकात नेवाडातल्या कॉर्टेझला हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं आणि आज पेरूपासून तुर्कस्तानपर्यंत पसरलंय.

एका हेक्टरचा हिशेब घ्या.

थराची उंची ६ मीटर, सैल खनिजाची घनता घनमीटरला १.६ टन. म्हणजे ९६,००० टन. कस ०.८ ग्रॅम धरला तर आत ७६.८ किलो सोनं, आणि ६५ टक्के निघालं तर ५० किलो.

पाणी चौरस मीटरला तासाला ८ लिटर (५ ते १२ च्या मधे कुठंही चालतं). हेक्टरला तासाला ८० घनमीटर. असं ६० दिवस सोडलं की १,१५,००० घनमीटर, म्हणजे एक टन खनिजाला १.२ टन पाणी. खाली येणाऱ्या पाण्यात सरासरी लिटरला ०.४३ मिलिग्रॅम सोनं. सुरुवातीला त्याच्या दुपटी-तिपटीनं येतं, शेवटी रेंगाळतं.

सायनाइड लिटरला ०.२ ते ०.५ ग्रॅम, पीएच १०.५. खनिज १२ ते २५ मिलिमीटरपर्यंत फोडलेलं, आणि सच्छिद्र ऑक्साइड असेल तर खाणीतून आलं तसंच. तळाला दाबलेली चिकणमाती, तिच्यावर दीड ते दोन मिलिमीटरचं एचडीपीई (चिवट प्लास्टिकचं) अस्तर, त्यावर अर्धा ते एक मीटर धुतलेली खडी आणि तिच्यात भोकं पाडलेले पाइप. ही खडीच खरी महत्त्वाची. अस्तरावर पाण्याची पातळी चढली की गळतीही वाढते आणि ढीग घसरण्याची भीतीही.

पाझर

एक राहिलं. थर लावताना ट्रक त्याच्यावरून फिरवायचे नाहीत. भरलेल्या डंपरच्या चाकाखाली वरचा मीटर-दीड मीटर इतका दबतो की तिथून पुढं पाणी आडवं पळतं. स्टॅकर पट्टा (माल टाकत रचणारा सरकता पट्टा) मागे मागे घेत रचायचं. डंपरशिवाय इलाज नसेल तर ठिबक पसरण्याआधी डोझरच्या रिपरनं तो थर उकरून काढायचा.

ठिबकवाला

सोन्याच्या धाग्यावर शेतकऱ्यानं लिहावं का माहीत नाही, पण ठिबकचा विषय निघाला म्हणून विचारतो. तासाला ८ लिटर प्रति चौरस मीटर म्हणजे ४ लिटरचे ड्रिपर ७०-७० सेंटिमीटरवर टाकले की जमतं. शेतात क्षार बसून ड्रिपर बंद पडले की आम्ही ॲसिड सोडतो. तिथं पीएच साडेदहा आणि वर चुना, म्हणजे क्षार किती बसत असतील! तिथंही ॲसिडच सोडतात का?

रसायनी

ठिबकवाला, विचारलंत हे फार बरं झालं. ड्रिपरचं गणित अगदी बरोबर. पण ॲसिड कदापि नाही. त्या नळीत सायनाइड आहे, ॲसिड सोडलं की तिथल्या तिथं हायड्रोजन सायनाइड. नळ्या धुऊन घेऊ आणि मग सोडू, असाही विचार करायचा नाही, कारण नळीच्या खाली पूर्ण ढीग सायनाइडनं ओला असतो.

क्षार बसूच नयेत म्हणून पंपाच्या तोंडाशीच अँटीस्केलंट थेंबथेंब सोडत राहतात, लिटरला साधारण ५ ते १० मिलिग्रॅम. तरी तुंबलेली लाइन काढून नवी टाकतात. जुनी नळी ढिगातच गाडली जाते.

ठिबकवाला

समजलं. आमच्याकडे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर उतारावर वापरतात, वरच्या आणि खालच्या टोकाला सारखं पाणी पडतं. ढिगाच्या उतरत्या कडांना ते लागत असतील.

पाझर

कडांना तेच वापरतात. आणि नळी २०-३० सेंटिमीटर पुरतात : बाष्पीभवन कमी होतं, उन्हात सायनाइड मोडत नाही आणि पक्षी डबक्यावर उतरत नाहीत. तोटा एकच, तुंबलेला ड्रिपर वरून दिसत नाही.

गारगोटी

हीप बिघडतो तो बहुधा बारीक मातीपायी. ७५ मायक्रॉनखालचा माल १० ते १५ टक्क्यांच्या वर गेला की पाणी वाट काढतं : एका जागी धार लागते आणि बाजूचा भाग कोरडा राहतो. वर डबकी साचतात. लोकांना वाटतं सोनं निघत नाही, कस चुकीचा मोजला. प्रत्यक्षात त्या भागाला पाणीच शिवलेलं नसतं.

यावर उपाय अ‍ॅग्लोमरेशन, म्हणजे गोळ्या वळणं. फोडलेल्या खनिजात टनाला ३ ते ५ किलो सिमेंट (माती जास्त असेल तर १० पर्यंत), आणि ओलावा ८ ते १२ टक्के होईल इतकं पाणी, बऱ्याचदा सायनाइड मिसळलेलं. हे फिरत्या ड्रममधून काढायचं. बारीक कण मोठ्या खड्याला चिकटून बसतात. मग २४ ते ४८ तास तसंच ठेवायचं, सिमेंट धरायला. सिमेंटमुळे पीएचही राखला जातो, वेगळा चुना क्वचितच लागतो.

ओलावा बरोबर आहे का हे बघायला ड्रमच्या तोंडाशी मूठभर माल उचलायचा. मुठीत दाबला की गोळा व्हायला हवा, बोटांना चिखल लागायला नको आणि तळहात नुसता दमट दिसायला हवा. चकाकी आली तर पाणी जास्त झालं, अशा गोळ्या ढिगात दबून सपाट होतात. हाताला धूळ राहिली तर पाणी कमी. मग धरलेल्या गोळ्या चाळणीत घेऊन पाण्याच्या बादलीत दहा वेळा बुडवायच्या. पाणी गढूळ झालं तर सिमेंट वाढवा.

मुरुम

मग कोलारचा चुराही सिमेंट घालून वळता येईल की!

गारगोटी

येईल, पण त्यात मोठा खडा एकही नाही. कण नुसते एकमेकांना चिकटवायचे तर सिमेंट दुप्पट लागतं आणि थर ३-४ मीटरच्या वर नेला की खालच्या गोळ्या चिरडतात. टनाला १० किलो सिमेंट म्हणजे ३.३ कोटी टनाला ३.३ लाख टन सिमेंट. शिवाय ड्रम, शिवाय नव्या अस्तराची जागा.

करवंट

थोडं अवांतर, पण कोकणातल्या मंडळींना आवडेल. पाण्यात उतरलेलं सोनं पकडायला जो कोळसा वापरतात तो नारळाच्या करवंटीचाच. करवंटी दाट असते, तिच्या कोळशात अगदी सूक्ष्म छिद्रं पडतात आणि टाकीत घासला गेला तरी झिजून पीठ होत नाही. पीठ झालं तर सोनं त्या पिठाबरोबर गाळात जातं, म्हणून कडकपणा फार महत्त्वाचा.

हीपचं पाणी एकामागोमाग एक ५-६ उंच पिंपांतून खालून वर चढवतात, कोळसा तरंगत राहतो. पाझर यांच्या ८० घनमीटरला साधारण १.३ मीटर व्यासाचं पिंप पुरतं. एक टन कोळशावर २ ते ५ किलो सोनं चढतं. मग तो कोळसा काढायचा, पहिल्या पिंपातला आधी, आणि नवा कोळसा शेवटच्या पिंपात घालायचा. पाणी पुढं, कोळसा मागं.

सोनं कोळशातून सोडवायला कॉस्टिक सोडा (१ टक्का) आणि थोडं सायनाइड घातलेलं गरम पाणी. ९५ अंशाला दोन-तीन दिवस, दाबाखाली १४० अंशाला एका पाळीत. ते पाणी विजेच्या टाकीत, स्टीलच्या लोकरीवर सोनं बसतं. शेवटी टाकणखार, रेती, सोडा आणि सोरा घालून मुशीत वितळवायचं.

कसोटी

करवंट, कोळशाचं धुणंही लिहा. अर्धे प्लांट तिथंच चुकतात.

करवंट

हो. कोळशावर चुन्याचा थर बसतो, तो ३ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडनं धुतात. वर रसायनी यांनी लिहिलंय तोच धोका इथंही : कोळशात सायनाइडचं पाणी मुरलेलं असतं. म्हणून आधी साध्या पाण्यानं भरपूर धुवायचं. ॲसिडची टाकी वेगळी, पाइप वेगळे, वर हवा ओढणारा पंखा आणि वायूची सूचना देणारा मीटर. तेलकट किंवा सेंद्रिय घाण ॲसिडनं जात नाही, त्यासाठी कोळसा वाफेत ६५० ते ७५० अंशाला तापवावा लागतो. हे टाळलं तर पाचव्या-सहाव्या फेरीनंतर कोळसा सोनं घ्यायचं मंदावतो आणि शेवटच्या पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सोनं दिसू लागतं.

जस्ताचा_भक्त

कोळशावरच का थांबलात? खनिजात चांदी जास्त असेल, म्हणजे सोन्याच्या ४-५ पटींच्या वर, तर कोळसा चांदीनंच भरून जातो. तिथं मेरिल-क्रो : पाणी आरशासारखं स्वच्छ गाळायचं, निर्वातात नेऊन प्राणवायू लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली आणायचा, मग जस्ताची भुकटी आणि चिमूटभर लेड नायट्रेट. सोनं-चांदी लगेच खाली बसते. पाणी जरा गढूळ असलं किंवा हवा शिरली तर जस्त फुकट जातं.

करवंट

मान्य. पण कोलारच्या चुऱ्यात गाळ इतका की गाळण्या तासातासाला तुंबतील. तिथं कोळसाच.

झवेरी_गल्ली

जरा जुन्या आठवणीतलं. आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरची माती, राख, भट्टीची झाडलोट नेऊन धुतात आणि पारा लावून सोनं काढतात, ते कमी कसाचंच खनिज म्हणायचं! सायनाइडचं पेटंट मात्र १८८७ चं, ग्लासगोचे मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू. पहिला धंद्याचा वापर न्यूझीलंडमधल्या कारांगाहाके इथं १८८९ ला, आणि १८९० पासून दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडला. त्याआधी तिथलं खोलवरचं सल्फाइड खनिज पाऱ्याला दाद देत नव्हतं, खाणी बंद पडायच्या बेतात होत्या.

बाय द वे, मोबाइलच्या सर्किटमधलं सोनं काढायला हे घरी लहान प्रमाणात जमेल का? सायनाइड थोडंसंच लागेल.

कसोटी

नाही.

रसायनी

कसोटी यांच्या एका शब्दाला जोड देते. सोडियम सायनाइडची दोन-अडीचशे मिलिग्रॅम मात्रा माणसाला मारायला पुरते. आणि मोबाइलच्या सर्किटमध्ये तांबं भरलेलं असतं. तांब्याचा एक अणू सायनाइडचे ३ रेणू धरतो, म्हणजे १ किलो तांब्याला किमान २.३ किलो सायनाइड. थोडंसं म्हणता म्हणता पिंप लागेल. प्लांटमध्ये पीएच मीटर, हवेतल्या वायूचा मीटर, आंघोळीचे फवारे, हायड्रॉक्सोकोबालामिनचं (सायनाइडवरच्या उताऱ्याचं) इंजेक्शन आणि शेजारी प्रशिक्षित माणूस असतो, तरी अपघात होतात. भारतात हा पदार्थ १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांखाली येतो. सर्किट अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

झवेरी_गल्ली

पटलं. विषय सोडला.

गारगोटी

तांब्याचा मुद्दा खाणीलाही लागू. टनाला ५०० ग्रॅम तांबं विरघळणारं असेल तर सव्वा किलोच्या आसपास सायनाइड तिथंच गेलं, ०.७ ग्रॅम सोन्याचा नफा संपला. तिथं सार्ट नावाची पद्धत वापरतात : बंद टाकीत ॲसिड आणि सल्फाइड घालून तांबं खाली बसवायचं, सुटलेलं सायनाइड चुन्यानं पुन्हा धरायचं.

हट्टी खनिजांची दुसरी जात म्हणजे सोनं पायराइट किंवा आर्सेनोपायराइटच्या कणात कोंडलेलं असणं. पीठ करूनही सायनाइड आत पोचत नाही. त्याला आधी मोडावं लागतं. भट्टीत भाजून, दाबाखाली प्राणवायू देऊन, किंवा लोह-गंधक खाणाऱ्या जिवाणूंकडून. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यूला १९८६ पासून ४०-४५ अंशाच्या टाक्यांत जिवाणूच हे काम करतात. पण ०.७ ग्रॅमला हे काहीच परवडत नाही.

तिसरी जात खनिजातच नैसर्गिक कोळसा असणं. तो विरघळलेलं सोनं परत ओढून घेतो. त्याला आपला करवंटीचा कोळसा सुरुवातीपासूनच टाकीत घालायचा, जो जोरात ओढेल त्याच्याकडे सोनं.

शिकाऊ_७

सायनाइडला पर्यायच नाही का? थायोसल्फेट वाचलं होतं.

रसायनी

आहे. नेवाडातल्या गोल्डस्ट्राइकला २०१४ पासून काही वर्षं कॅल्शियम थायोसल्फेट वापरलं, तिथं खनिजातला कोळसा सोनं पळवतो म्हणून. त्यातलं सोनं करवंटीचा कोळसा धरत नाही, रेझिन लागतं. थायोयुरिया ॲसिडमध्ये चालतं पण स्वतःच झपाट्यानं मोडतं. साध्या कमी कसाच्या खनिजाला अजून सायनाइडच स्वस्त.

पाणवठा

पाण्यावर कोणी बोललंच नाही, आपल्याकडे तर पाऊस आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर. १० हेक्टरच्या पॅडवर एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला तर १०,००० घनमीटर पाणी सायनाइड घेऊन तळ्याकडे येतं. तळं रोजच्या कामापुरतंच बांधलं असेल तर ओसंडून नाल्यात जाणार. म्हणून वादळी पावसासाठी वेगळं, नेहमी रिकामं ठेवायचं तळं हवंच, आणि काम संपलेल्या थरावर पावसाळ्याआधी प्लास्टिक अंथरायचं.

३० जानेवारी २००० ला रुमेनियात बाया मारे इथं, जुना चुराच पुन्हा धुणाऱ्या प्लांटचा बांध फुटला. सुमारे १ लाख घनमीटर सायनाइडचं पाणी सोमेश आणि तिसा नदीत गेलं, मासे शेकडो किलोमीटर मेले. त्यानंतरच आंतरराष्ट्रीय सायनाइड संहिता आली. १३ फेब्रुवारी २०२४ ला तुर्कस्तानात चोपलर इथं हीपच कोसळला, ९ कामगार गाडले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या युकॉनमध्ये ईगल खाणीचा हीप घसरला.

चुरा तळ्यात सोडण्याआधी सायनाइड मोडावं लागतं : सल्फर डायऑक्साइड आणि हवा, पीएच ८ ते ९, थोडं तांबं उत्प्रेरक म्हणून. संहितेप्रमाणे उघड्या तळ्यात सुटं आणि सहज सुटणारं सायनाइड लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर पक्ष्यांपासून झाकायलाच हवं. कोलारला वस्ती अगदी लागून आहे, तिथं यावर तडजोड होता कामा नये.

दगडू_मेटॅलर्जी

मूळ प्रश्नावर येऊ. मुरुम म्हणतात टाकी ०.७ ग्रॅमवर परवडत नाही. मग जोहान्सबर्गचे ढिगारे पाहा. तिथं ०.३ ग्रॅमच्या आसपासचा चुरा १९७० च्या दशकाच्या शेवटापासून टाक्यांतच धुतात आणि त्यातलं जेमतेम निम्मं सोनं निघतं, तरी धंदा चालतो.

कारण टाकीच्या प्लांटमध्ये सर्वांत जास्त वीज लागते दळायला. ताज्या खनिजाला ७५ मायक्रॉनपर्यंत आणायचं तर टनाला १५ ते २० युनिट लागतात. ढिगाऱ्यातला चुरा आधीच दळलेला आहे, ते बिल मागच्या शतकात भरलंय. आणि उपसायला खोदकाम नाही : मॉनिटरनं, म्हणजे अग्निशमनाच्या बंबासारख्या जोरदार पाण्याच्या झोतानं, ढिगाऱ्याची भिंत कापायची. गाळ उताराच्या चरातून हौदात, तिथून पाइपनं प्लांटमध्ये. झोताखालचा ओला ढिगारा धूळही उडवत नाही.

प्लांटमध्ये आधी चाळणी (मुळं, प्लास्टिक, लाकूड यांनी पुढच्या जाळ्या तुंबतात), मग घट्ट करून ४५ टक्के घन, मग चुना. जुन्या ढिगाऱ्याच्या वरच्या भागात पायराइट गंजून आम्ल झालेलं असतं, तिथं चुना भरमसाट लागतो आणि तळाकडे कमी. म्हणून पीएच मीटरवर चालणारी चुन्याची लाइन हवी, ठरावीक डोस नको. सायनाइड लिटरला ०.२ ते ०.३ ग्रॅम, ६-७ टाक्या, एकूण १० ते १२ तास. कोळसा लिटरला १० ते १५ ग्रॅम, टाक्यांमध्ये ०.८ मिलिमीटरची जाळी.

किती निघेल हे मात्र चाचणीशिवाय सांगता येणार नाही. एकदा सायनाइडमधून गेलेल्या मालात जे उरलं ते का उरलं? कोलारचा चॅम्पियन लोड (लोड म्हणजे खडकातली सोन्याची शीर) गारेचा आहे, तिथलं जाड सोनं वेळ कमी पडला म्हणून राहिलं असेल तर आता निघेल. ओरिएंटल लोड सल्फाइडचा, तिथलं कोंडलेलं असेल तर ३०-४० वर्षांच्या गंजण्यानं थोडं मोकळं झालं असेल, उरलेलं राहणारच.

कसोटी

दगडूंना पूर्ण +१. चाचणीचा क्रम मी देतो.

१ किलो माल, दीड लिटर पाणी, चुन्यानं पीएच १०.५ ते ११, सायनाइड लिटरला १ ग्रॅम. बाटली रोलरवर ४८ तास, झाकणाला हवेसाठी भोक. २, ४, ८, २४, ४८ तासांनी थोडं पाणी काढून सोनं, सायनाइड, पीएच मोजायचं आणि जे कमी झालं ते परत घालायचं. हे सगळं हवा ओढणाऱ्या कपाटात.

सायनाइडची मोजणी : २५ मिलिलिटर गाळलेलं पाणी, ऱ्होडानिनचे (रंग बदलून अखेर दाखवणारं सूचक) काही थेंब, मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट, लिटरला ४.३३ ग्रॅमचं. रंग लिंबासारखा पिवळा असतो. अखेर जवळ आली की थेंब पडतो तिथं फिकट गुलाबी ठिपका दिसतो आणि हलवल्यावर नाहीसा होतो. तो गेला नाही की थांबायचं. लागलेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम सायनाइड. खाली पांढऱ्या फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर गुलाबी रंग उशिरा कळतो आणि आकडा चढा येतो.

विरघळलेल्या सोन्याचा आलेख ८ तासांत सपाट झाला तर मोकळं सोनं, टाकी लहान चालेल. ४८ तासांनीही चढतच असेल तर सोनं जाड आहे. आणि ३० टक्क्यांवरच सपाट झाला तर कोंडलेलं आहे, मग उरलेल्या मालाला आधी नायट्रिक ॲसिडनं सल्फाइड मोडून (सायनाइड पूर्ण धुऊन काढल्यावरच) पुन्हा बाटलीत घाला. त्यात जे येईल तेवढं सल्फाइडमधलं.

नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोची हिंगण्याची प्रयोगशाळा आणि पथदर्शी प्लांट अशाच कामांसाठी आहे.

मुरुम

सर्वांचे आभार. माझं मत बदललं : कोलारच्या चुऱ्याला टाकी आणि झोत. हीप खडकासाठी, पिठासाठी नाही.

एक शंका उरली. नमुना कुठून घ्यायचा? ढिगाऱ्याच्या पायथ्याशी फावड्यानं घेतलेला चालेल?

दगडू_मेटॅलर्जी

अजिबात नाही. पायथ्याला पावसानं वाहून आलेला माल असतो, हलका गाळ पुढं गेलेला आणि जड कण मागं राहिलेले, म्हणून कस फसवा येतो. माथ्यापासून जुन्या जमिनीपर्यंत ऑगरनं (मळसूत्री गिरमिटानं) भोक पाडायचं. दर दीड-दोन मीटरचा माल वेगळ्या पिशवीत, एकमेकांत मिसळायचा नाही. तळाचा थर सर्वांत जुना, त्या काळी प्लांट कच्चा होता, तिथं कस जास्त असण्याची शक्यता असते. ढिगाऱ्याखालच्या मूळ मातीचाही अर्धा मीटर घ्या, झिरपलेलं सोनं आणि आर्सेनिक दोन्ही तिथं सापडतं.

पाणवठा

आणि प्रत्येक भोकात पाणी कुठं लागलं त्याची खोली लिहून ठेवा. झोत लावताना आतला ओला भाग अचानक वाहून खाली येतो, मॉनिटर चालवणारा माणूस त्याच्या समोरच उभा असतो.